ओ

टार्टूतला फेब्रुवारी. खिडकीला आतून बर्फ.
हेल्वे टोपी ओली करते: चौसष्ट तारा, मिठाचं पाणी.
एंडेल, जन्मभर पियानो जुळवलेला माणूस, विचारतो,
"मी काय करायचं?"
काहीच नाही. नुसतं बसायचं.

टूं. टूं. टूं. टूं. तूं.
टूं.

एका हाकेला मेंदूची ओ सापडत नाही.
ती बुडालेली असते जबड्यात, काळजाच्या ठोक्यात,
छताच्या दिव्याच्या गुणगुणीत.
हजार हाका माराव्या लागतात,
मग बेरीज, मग भागाकार,
तेव्हा कुठे वर येतो एक उंचवटा:
शंभर मिलिसेकंदांवर "ऐकलं",
आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, जवळजवळ त्याच्यातच,
"हा वेगळा होता".

रात्री हेल्वे दोघांना सोडवत बसते,
गुंता झालेल्या लोकरीची दोन टोकं शोधावीत तशी.
कॉफी गार. बाहेर बर्फ ओढणारी गाडी.

सतरावा घटक पापण्यांचा. तो टाकायचाच असतो.
पण एंडेलच्या पापण्या
दर उतरलेल्या स्वराला मिटल्या होत्या,
न चुकता,
कुणी पायावर पाय दिल्यासारख्या.

तिनं टाकला.
मग परत काढला, बराच वेळ पाहिला,
आणि निष्कर्षात कुठेच बसेना म्हणून
वेगळ्या फायलीत ठेवला.
फाइलला नाव मागितलं यंत्रानं.
तिनं लिहिलं, एंडेल.