मागच्या पट्टीतली झाडलोट

बदामाने यंदा सगळी पानं एकदमच सोडली.
माघ अर्धाही सरला नव्हता.
मुलुंडला, आमच्या इमारतीच्या मागे
साडेपाच फूट रुंद पट्टी आहे,
तीत ड्रेनेजची दोन झाकणं, एक गळका पाइप
आणि मी जिला बाग म्हणते ती.
घोट्यापर्यंत तांबडी पानं.
पाऊल टाकलं की पापड मोडल्याचा आवाज.

मला बागकाम येत नाही, हे आधीच सांगते.
खुरपं नाही, दांडा गेलेलं उलथनं आहे.
गेल्या वर्षी जास्वंद छाटली ती भलत्याच महिन्यात,
वर्षभर तिने माझ्याशी अबोला धरला.
कढीपत्त्याकडे मी बघत नाही, म्हणून तो बरा वाढतो.

रविवारी खराटा घेऊन मागचं दार उघडलं.
पानांखाली आमची अख्खी इमारत सापडते:
तिसऱ्या मजल्यावरच्या रेगेबाईंचे चिमटे, सतरा, सगळे निळे,
दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे,
कुणाचं तरी नीट गुंडाळलेलं गुंतवळ,
चौकटची दश्शी,
आणि मोगऱ्याच्या बुंध्यालगत
गोळ्या.

पहिली मला गोगलगाईचं अंडं वाटली.
मग दुसरी. मग उलथनं ठेवून
हातानेच पानं बाजूला केली.
पांढऱ्या, चपट्या, मधोमध रेघ.
पाइपाखालच्या विरून खडूसारख्या झालेल्या,
काही कालपरवाच्या, कोरड्या ठणठणीत.
मोजल्या. एक्केचाळीस.
मोजायला नको होत्या.

वर पाहिलं.
दुसरा मजला. ग्रिलमधली तुळस आणि तिच्यामागे
केळुसकर काकांचा अर्धा चेहरा.
त्यांची सून वृषाली रोज रात्री नऊला
पेला हातात देऊन समोर उभी राहते.
"गिळली?"
"गिळली."
भिंती पातळ आहेत आमच्या.

ते खाली बघत होते, मी वर.
तांबट कुठेतरी ठोकत होता, न थांबता,
जणू कुणाला तरी भांडं उद्याच हवंय.
मी मूठ मिटली.

काका म्हणाले, "कोपऱ्यातली हळद काढ आता.
पानं वाळली म्हणजे मेली नव्हे."

मला तर ती गेली असंच वाटत होतं,
उपटून गोणीत टाकणारच होते.
उलथनं खुपसलं. माती आपसूक सरकली
आणि बाहेर आला तो एक हात,
वाकड्या बोटांचा, सांधे सुजलेला.
नखाने खरवडलं:
आत केशरी. इतकं, की डोळा दचकला.

"आधी उकडायची," वरून आवाज. "मग वाळवायची.
आमच्याकडे पुष्कळ व्हायची."
"कुठे? गावाला?"
"छे. परळला. चाळीमागे, तेलाच्या डब्यांत."

वृषालीला सांगायला हवं.
हवं ना?
दुपारभर पानं गोणीत कोंबत होते,
पायाने दाबत होते,
तोंड काही बांधलं जाईना.

संध्याकाळी एक कंद धुऊन वर गेले.
वृषाली यायची होती. दार काकांनीच उघडलं.
एका हातात कंद धरला, दुसऱ्या तळव्यावर एक गोळी,
त्यातल्या त्यात कोरडी.
त्यांनी दोन्ही घेतलं.
गोळी सदऱ्याच्या खिशात,
कंद नाकाशी, बराच वेळ.
"हिच्याने तोंडाची चव जाते गं," म्हणाले,
"कशालाच वास उरत नाही."
मी चहा नको म्हटलं आणि उतरले.

रात्री नऊला मागची पट्टी लख्ख.
पाणी शिंपलेलं, झाकणंसुद्धा घासलेली,
निळे चिमटे पिशवीत घालून कडीला अडकवलेले.
मी दिवा न लावता दारात उभी.

"गिळली?"
"गिळली."

मग काहीतरी पडलं. हलकं.

बदामावर दोन-तीन पानं अजून होती.
मी सकाळी पाहिली होती.