सलग बारा महिने

जळगावच्या कलेक्टर कचेरीत
ज्या खिडकीवर बंदुकीच्या परवान्याचे अर्ज घेतात
तिथंच माझाही घेतला.
पुढचा माणूस बंदूक मागत होता, मी देश.
त्याचं काम आधी झालं.

क्लार्क बऱ्हाटे. चष्मा कपाळावर.
"जन्म?" फैजपूर.
"शाळा?" फैजपूरच.
"मग परक्या कशा हो तुम्ही?"

कलम नऊ, मी म्हटलं.
दुसरा देश घेतला की पहिला आपोआप जातो.
राजीनामा लागत नाही, भांडण लागत नाही.
हॅलिफॅक्सच्या एका हॉलमध्ये
हात वर करून मी एक वाक्य म्हटलं,
मग सगळ्यांबरोबर केक खाल्ला.
तेवढ्यात इकडं काय तुटलं
ते ऐकू आलं नाही.
घाई होती, रात्रपाळी,
वॉर्डात सात बाळंतिणी.

जुना पासपोर्ट कोपरा कापून परत आला.
पुढं एक कार्ड मिळालं, आजन्म चालणारं.
त्याच्यावर मी इथं राहू शकत होते,
मरूही शकत होते.
मतदानाच्या दिवशी मात्र
गल्ली बोटाची शाई एकमेकांना दाखवत फिरायची
आणि मी तेव्हाच नेमकी
माठ घासायला काढायची.

"बारा महिने सलग राहा," बऱ्हाटे म्हणाले,
"सूट असते कागदावर. मागू नका.
फाइल अडकते."

राहिले.
नवव्या महिन्यात ऋचाचे दिवस भरले, तिकडं.
तिचा नववा, माझाही नववा.
चौतीस वर्षं लोकांची पोरं या हातांनी ओढून काढली,
नाळा कापल्या, पाठी थोपटल्या,
आणि नात पाहिली
काच तडकलेल्या मोबाइलमध्ये.
तडा बरोबर तिच्या कपाळावरून जात होता.
ऋचा काही बोलली नाही.
फक्त फोन जरा लांब धरला.

शेजारची लिलाबाई नेहेते भरीत घेऊन आली,
कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं.
टेकली, आणि म्हणाली,
"काय कमी होतं वं तुले तढी?"
मी वांग्याचं देठ चोखत राहिले.
अर्जातही कारणाचा रकाना होता,
त्यात मी 'कौटुंबिक' लिहिलं होतं.
खरं एवढंच, की तीस वर्षांत मला तिथं
कोणी 'तढी' म्हणणारं भेटलं नाही.
पण हे काय कारण आहे?
हे लिहिलं असतं तर
बऱ्हाट्यांनी चष्मा खाली ओढला असता.

मग चिठ्ठी आली : मंजूर, तिकडचं सोडून या.
सोडलं. तिकडचा कागद लगेच आला, स्वच्छ, जाड.
इकडचा यायचा होता.
बऱ्हाटे रजेवर, मुलीचं लग्न.

एक्केचाळीस दिवस
मी कुणाचीच नव्हते.
मे महिना. नळ उघडला तर चहाचं पाणी.
दारावर टकटक झाली की छातीत धस्स व्हायचं,
असायचा गॅसवाला.
लिलाबाईनं गच्चीवर कुरड्या घातल्या होत्या.
ती लग्नाला गेली तेव्हा काठी माझ्या हातात दिली.
तीन दुपारी मी कावळे हाकत बसले,
ओला पंचा डोक्यावर,
कुठल्याच देशाची नसलेली बाई.
एकही कुरडई गेली नाही.

शपथेच्या दिवशी लाइट गेली.
'निष्ठा' शब्दाशी घाम डोळ्यात उतरला,
साहेबांना वाटलं, रडते आहे.
केक नव्हता. बऱ्हाट्यांनी कट चहा सांगितला.
"झाल्या बघा तुम्ही इथल्या," म्हणाले,
आणि बशी पुसत, जरा ओशाळून,
"म्हणजे, होत्याच."

आता सावद्याच्या सायबर कॅफेत बसले आहे.
नातीला दात आलेत, दोन, खालचे.
व्हिसाचा फॉर्म विचारतो :
याआधी आमच्या देशाशी काही संबंध?
आमचे नागरिक होतात का कधी?
का सोडलंत?
रकाना एवढासा, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

टाइप करणारा पोरगा थांबलाय.
"मावशी, काय लिहू?"
लिही बाबा, तढी जाऊन यायचंय.
तो हसतो, बोटं कीबोर्डावर तशीच अधांतरी.
"तढी
इंग्रजीत कसं लिहू?"