पश्चिमेस समुद्र

बत्तीस वर्षं वेंगुर्ल्याच्या निबंधक कचेरीबाहेर
दस्त लिहिले मी.
पूर्वेस पाणंद, दक्षिणेस चिऱ्यांचा गडगा,
उत्तरेस वहाळ, पश्चिमेस समुद्र.
तीन बाजू फुटांत. चौथी
कुणी मोजून मागितली नाही.

म्हणून शमशादबाई आल्या माझ्याकडे
सत्तेचाळीस पानांचा मसुदा घेऊन:
शाळा, मुलं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता.
"हरकती व सूचना पंधरा तारखेपर्यंत.
तुम्हाला कायद्याची भाषा कळते ना?"
मला जमिनीची कळते, म्हटलं.
"तीच हवी. यात कुणी हद्दच घातलेली नाही."

संध्याकाळी इनासच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचो,
शटर अर्धं खाली.
तापल्या शाईचा वास, त्यात बंदरावरून येणारा सुंगटांचा.
चौघं. मानधन नाही, बिल्ला नाही,
तातू रेडकरच्या सुनेने दिलेले खटखटे लाडू फक्त,
ज्यांच्यापायी तातूची कवळी दोनदा निसटली.

कलम सात, पोटकलम तीन:
उत्तरपत्रिका यंत्रप्रणालीने तपासता येईल.
शंका असल्यास शक्यतो शिक्षकाने पुन्हा पाहावी.

शक्यतो.
तातू तीस वर्षं बोटीच्या इंजिनात होता.
म्हणाला, "शक्यतो नांगर टाक, असो हुकूम
माका कोणी दिलो असतो, तर आज मी हंयसर नसतंय."
इनास म्हणाला, शंका कुणाला असल्यास?
यंत्राला तर येत नाही. पोराला आली तर?
मी समासात पेन्सिलीने लिहिलं: कुणाला?

मग शमशादबाईंनी पिशवीतून काढला
स्वरांगी खवणेकरचा पेपर, सहावी ब,
चाचणी म्हणून आलेल्या प्रणालीने तपासलेला.
प्रश्न: भरती म्हणजे काय?
उत्तर: भरती इली की आजो होडी लोटता.
मगे पाणी आमच्या माडापर्यंत येता.
शेरा, छापील:
असंबद्ध. पदांची संख्या व वयोमर्यादा नमूद नाही.
शून्य.

हसलो आधी. इनास तर डोळे पुसेपर्यंत.
मग बाईंनी पान उलटलं.
मागे, घरी सुधारून आणायचं म्हणून,
स्वरांगीने सुबक अक्षरात पाच वेळा लिहिलं होतं:
भरती म्हणजे नोकरी.
भरती म्हणजे नोकरी.
पुढचं वाचलं नाही कुणी.

त्या रात्री अकरा पानं झाली.
शक्यतो काढा.
कुठे तपासता येईल ते लिहिलंत,
कुठे येणार नाही तेही लिहा.
मुलाचं लिखाण कंपनीकडे किती वर्षं, कुणाच्या नावावर,
आणि मूल मोठं होऊन ते परत मागायला आलं
तर खिडकी कुठली?
शेवटी हात सवयीने चालला:
सदर मुलाच्या चतुःसीमा येणेप्रमाणे.
पूर्वेस शाळा, दक्षिणेस घर, उत्तरेस बोली.
पश्चिमेससमोर जागा कोरी ठेवली.
तातू म्हणाला, खोड ता, हसतले.
नाही खोडलं.

पोच आली. सूचना क्रमांक चार हजार एकशे बारा.
सुधारित मसुदा आला नारळी पौर्णिमा उलटून.
शक्यतो जिथल्या तिथे, गाळात रुतल्यासारखा.
फक्त एका ओळीत, मराठीच्या पुढे,
दोन शब्द नवे: व बोली.
आमच्यामुळे, की दुसऱ्या कुणाच्या अकरा पानांमुळे,
कळायला मार्ग नाही.

इनासने झेरॉक्सचे पैसे अजून सांगितलेले नाहीत.
शमशादबाई पुढच्या सुनावणीची तारीख
कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराशेजारी, लिहून गेल्या.

परवा बंदरावर स्वरांगी दिसली,
आजोबाच्या होडीला खांदा लावलेली, पाणी घोट्यावर.
विचारलं, काय गो, भरती म्हणजे काय?
ओला हात फ्रॉकला पुसत
तिने मला नीट निरखून घेतलं.
"पेपरातलां सांगू, काय खरां?"