जागल

रिटायर झालो आणि कडुनिंबापासून चिंचेपर्यंत
ऐंशी मीटर तार ओढली.
गाव म्हणालं, वायरमन आहे, हाताची सवय जात नाही.
या तारेत लाईन नव्हती.
लांबून कुणी यावं म्हणून ती होती,
रात्री, अठराशे तीस किलोहर्ट्झवर,
कुणाचं तरी डिट डिट डा.

आलं ते आमचंच गाव.
शाळेमागच्या डीपीवरची तडकलेली चिनीमाती,
दव पडलं की फोडणीतल्या मोहरीसारखी.
धोट्यांच्या ओसरीतला नवा पांढरा दिवा,
चार्जर, टीव्हीचा डबा, पिठाची गिरणी,
आणि या सगळ्यांखाली एक जाड घरघर,
जिचं घर मला अजून सापडलेलं नाही.
एकतीस वर्षं यांच्याच खांबांवर चढलो.
कान मात्र कधी दिला नव्हता.

लाईन गेली की सगळे एकदम गप्प.
भारनियमनाला गाव शिव्या घालायचं,
मी हेडफोन घालायचो.

एकजण तरीही बोलत राहायचा.
टक्.
सव्वा सेकंद.
टक्.
बॅटरीवरचा असणार.
छोटा ट्रान्झिस्टर छातीशी धरून निघालो,
तो फिरवत, जिथं आवाज मरतो तिकडं तोंड करून.
नंदोरीचा रस्ता सुटला, नाला आला,
नाल्यापलीकडं हरभऱ्याच्या धुऱ्यावर
पंचफुला साटोणेचं झटका मशीन,
डुकरांसाठी, रोह्यांसाठी.
माचीवरून बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर.
"तुमचं मशीन माझ्या घरी ऐकू येतं," म्हणालो.
मला तक्रार करायची होती.
"मंग बरंच हाय ना जी," ती म्हणाली,
"मले डोया लागला तं तुमी आयकजा."

पौषातली रात्र. पावणेतीन.
लाईन नव्हती. थंडीनं तार ताणलेली.
आणि मग ते, ज्यासाठी चार हिवाळे बसलो:
राखेखालच्या निखाऱ्याएवढा एक सूर,
सावकाश, नवशिक्याच्या हातचा.
यू. मग एन.
कझाकस्तान, म्हणजे बर्फ, म्हणजे कुणीतरी
माझ्यासारखाच घोंगडी पांघरून बसलेला.
पेन्सिल उचलली. पुढचा आकडा येत होता.
इतकं स्वच्छ कसं काय ऐकू येतंय?

इतकं स्वच्छ ऐकू यायला नको होतं.

हेडफोन टेबलावर ठेवला, तो तिथं बोलत राहिला.
मी चपला शोधत होतो.

पाच सऱ्या गेल्या होत्या. डुकरं नाल्याकडं पळाली,
त्यातलं एक माझ्या अगदी पायाजवळून.
पंचफुला माचीवर गाढ, तोंड उघडं,
कुत्रं तिच्या पायाशी, तेही झोपलेलं.
बॅटरीच्या टोकावर हिरवा मीठफुलोरा आला होता.
चाकूनं खरवडला, क्लिप दाबून बसवली.
टक्.
त्या आवाजानं ती जागी झाली.
"तुमाले कसं कयलं जी?"
"ऐकू येईना म्हणून."
ती हरभऱ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, चहा ठेवते.

घरी परतलो तेव्हा लाईन आली होती.
डीपी, दिवा, घरघर, सगळे हजर.
निखारा विझला होता.
वहीत त्या रात्रीची एकच नोंद आहे:
तीन वाजून वीस. अंतर दीड किलोमीटर.
स्टेशन: पं. साटोणे.
आवाज: पाच, नऊ, नऊ.
शेऱ्याच्या रकान्यात, साखर जास्त.

नंतर तिच्या कुंपणाचे तीन इन्सुलेटर मी बदलले,
तिथं ठिणगी गळत होती, झटका कमी बसत होता.
आता टक् फार बारीक झाली आहे.
लाईन गेली की आधी ती शोधतो.
सापडली की मग डायल पुढं सरकवतो.