दोनदा बरोबर

राजारामपुरी, सहावी गल्ली, झेरॉक्सच्या वरचा मजला.
उद्यमनगरातली लेथ बंद करून सात वाजता
अण्णाप्पा मगदूम येतात,
चपला दाराबाहेर जोडीनं काढतात,
हात दोनदा पँटला पुसून मगच कीबोर्डला शिवतात.
वय त्रेपन्न. बाकीची बॅच एकोणिसाची.
मला बाई म्हणतात. मी सव्वीसची.

पहिल्याच आठवड्यात विचारलं,
"सात भागिले दोन, तीन कसं, बाई?
अर्धा कुठं गेला?"
म्हटलं, पूर्णांक आहे, अर्धा टाकून देतो.
"कुणाला विचारून?"
पोरं हसली.
"आमच्यात लोखंडाचा कीससुद्धा
शनिवारी काट्यावर घालून विकतोय.
आन् हे एवढं अर्धं
असंच सोडून देतंय व्हय?"

मग बाकी काढायचं चिन्ह दाखवलं, टक्क्याचं.
"टक्क्याचा काय संबंध?"
काही नाही. चिन्ह तेच, काम दुसरं दिलंय.
"म्हणजे फिटरला वॉचमन केलाय."
वहीत तसंच लिहून घेतलं.

नंतर एरर आले. लाल अक्षरात, इंग्रजीत,
बाराव्या ओळीवर बोट ठेवून.
बारावी ओळ त्यांनी सात वेळा तपासली,
चष्मा वर करून, चष्मा खाली करून.
अर्धविराम अकरावीच्या शेवटी नव्हता.
मला वाटलं, चिडतील.
"असंच असतंय," म्हणाले,
"जॉब रिजेक्ट होतोय तपासणीच्या टेबलावर,
टूल बोथट झालेलं असतंय सकाळीच."

आज मात्र गाडी अडली.
लिहिलं होतं: जर माप बरोबर पंचवीस, तर पास.
पंचवीसचा नग पास.
तिसाचा पास. चाळिसाचाही पास.
लाल अक्षर एक नाही.
"चूक हाय आन् बोंब न्हाई? हे कसलं?"

फळ्यावर जाऊन सांगितलं:
एक बरोबर म्हणजे ठेवणं. डब्यात पंचवीस ठेव.
दोन बरोबर म्हणजे विचारणं. डब्यात पंचवीसच आहे का?
तुम्ही विचारलं नाहीत, अण्णा.
सांगून टाकलंत.

ते फळ्याकडं बघत राहिले.
खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता.
"थोरल्याला विचारलं होतं दहावीनंतर,
आयटीआयच न्हवं?
ते एकच बरोबर होतं म्हणायचं."
मी डस्टर उचलला, परत ठेवला.
"पुण्यात असतोय आता.
रविवारी फोन करतोय. कसा हाईस म्हटलं
की बरा हाय.
दर रविवारी पास."

मग कर्सर मागं नेला,
मायक्रोमीटरची कळ फिरवावी तसा, सावकाश,
आणि पहिल्या बरोबरशेजारी
दुसरं बसवलं.

तिसाचा नग नापास झाला.
तेव्हा कुठं हसले.