पहिलं की दुसरं

गंगाखेडला परळी नाक्यापासून स्टँडपर्यंत
चष्म्याची नऊ दुकानं.
मी सातव्यात.
बाहेर बोर्ड आहे : डोळे तपासणी मोफत.
मोफत म्हणजे मी.

चार वर्षं नांदेडला शिकले,
बाहुलीत उजेडाची पट्टी सरकवायची
आणि ती कुठल्या अंगाला पळते ते बघायचं.
आता रेटिनोस्कोप पेटीत असतो.
मशीन आलंय. त्याचा हप्ता
माझ्या पगारापेक्षा दोन हजारांनी जास्त.
ते सुट्टी मागत नाही, असं शेठ हसून सांगतात,
गिऱ्हाइकासमोर.

बॅचमध्ये अठ्ठेचाळीस होतो.
तहेनियत हैदराबादच्या मॉलमध्ये फ्रेमा विकते.
रुक्मांगद पोलीस भरतीला पळाला वर्षभर,
डोळ्यांत नापास झाला.
ग्रुपवर आधी जागा यायच्या,
आता फक्त वाढदिवस येतात
आणि जूनमध्ये
नव्या दोन कॉलेजांच्या प्रवेशाच्या जाहिराती.

गुरुवारी राणीसावरगावहून एक बाबा आले.
नाकावरच्या चष्म्याला एका बाजूनं सुतळी.
"भावाचा हाय. तो गेला तवा ठेवून घेतला."
सहा वर्षं हा माणूस
मेलेल्याच्या नंबरातून बघत होता
बाजार, बस, सुनेचा चेहरा.

तिकडं तपासणारं कोणी नाही.
इथं आम्ही नऊ जण
एकमेकांच्या दारातली गिऱ्हाइकं मोजतो.
तिकडं खुर्ची टाकावी तर
लेन्सची पेटी कोण देणार उधार,
आणि बाबा देणार किती, शंभर?

सोबत नात होती, बारावी झालेली.
भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट वाचून म्हणाली,
"मॅडम, नीटला मार्क कमी पडले.
ह्या कोर्सला स्कोप हाय का?"

माझ्या हातात क्रॉस सिलिंडर होतं.
मी ते बाबांच्या डोळ्यासमोर धरलं.
"पहिलं बरं दिसायलंय..."
उलटवलं.
"...की दुसरं?"

पहिलं.
परत.
दुसरं.
परत.

"आता दोन्ही सारखंच दिसायलंय बाई."

आम्हाला शिकवलंय,
दोन्ही सारखं दिसलं की थांबायचं.
नंबर बरोबर आला.

मी कार्डावर आकडे लिहिले.
बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरखालचा
छापखान्याचा पत्ता मोठ्यानं वाचत होते,
पिनकोडसकट.

पोरगी अजून माझ्याकडंच बघत होती.