आठवा टेक

धूळ त्यांनी विकत आणली.
मुलतानी माती, वर थोडी कोळशाची पूड,
चाळून गोणीत भरलेली.
आमची फुकट होती,
तीन दिवस नाकातून निघाली नाही.

गोरेगावच्या भाड्याच्या गोदामात
आमचा तिसरा मजला उभा राहिला, प्लायवुडचा.
मला दिवसाचे पाचशे मिळायचे,
चुका दाखवायचे.
सांगितलं, घागांची शेगडी डाव्या हाताला होती.
कॅलेंडर जूनचं नको,
त्यांनी मे फाडलाच नव्हता,
त्यावर दूधवाल्याचे खाडे लिहिलेले म्हणून.
खांबावरची चीर मात्र त्यांनी नीट काढली होती,
लांबून दिसेल अशी.
आम्ही तिच्यावर देवाचा फोटो लावला होता.

कौस्तुभ पोरसवदा. मोटरसायकल विकून
सिनेमा काढत होता.
सगळ्यांना एकच भाजी, त्यालाही तीच.
विचारायचा, ‘काकी, आवाज कसा आला होता?’
आधी मांडणीवरची भांडी पडली, मी म्हणायचे.
पुढचं ऐकायला
मजला उरला नव्हता.

सुगंधा घाग एकदाच आली,
मानखुर्दच्या संक्रमण शिबिरातून, दोन बस बदलून,
सगळ्यांसाठी घावन घेऊन.
त्या दिवशी दुर्वेशचं काम करणारा मुलगा
ढिगाऱ्यात पडून होता.
छातीवर तुळई, थर्मोकोलची.
‘कट’ ऐकून उठला, केस झटकले,
म्हणाला, भूक लागलीय.

ती काही बोलली नाही.
पुन्हा घेतलं. पुन्हा उठला.
पाचव्यांदा. सहाव्यांदा.
सातव्यांदा त्याला शिंक आली, सगळे हसले,
तीसुद्धा, तोंडाला पदर लावून.
‘मिळालं,’ कौस्तुभ म्हणाला, ‘आवरा.’
तेव्हा ती पुढे झाली.
‘अजून एकदा घ्या ना.’

दिवे उतरवायला लागले होते,
गोदामवाला किल्ल्या वाजवत दारात उभा.
घेतलं त्याने.
कॅमेरा बंद होता,
हे मला नंतर कळलं.

माघात, पालिकेच्या शाळेत,
बाकं भिंतीला सारून सिनेमा दाखवला.
पडद्यावर तो झोपलेलाच राहिला.
मग अंधार, मग नावं, बारीक अक्षरात,
त्यात माझंही, आडनाव चुकलेलं.
लोक चपला शोधत होते.
सुगंधा खुर्चीतून हलेना.
माझा दंड धरून विचारते,
‘पुढचं कापलं का गं?’